खोललेली गिअरपेटी बांधताना

यंत्र ज्याला खोलता आले त्याला ते बांधताही येणारच, कारण बांधणे म्हणजे खोलण्याचाच क्रम उलटा चालवणे, असा समज आपल्या सुशिक्षित समाजात बराच रूढ आहे. परंतु जुन्या जीपची गिअरपेटी आणि तिच्या पाठीशी जडवलेली ट्रान्स्फर केस यांच्या बाबतीत तो अर्धाच खरा ठरतो. खोलताना प्रत्येक भाग आपली जागा स्वतःच दाखवीत बाहेर येतो. बांधताना मात्र तो तेथे कोणत्या प्रयोजनाने बसवला होता हे बांधणाऱ्याला ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक नसेल तर बाहेरून निर्दोष दिसणारी पेटी पहिल्याच घाटात दगा देते. या कामाची गणना निव्वळ अंगमेहनतीत करण्याचा आपला शिरस्ता मला अन्यायाचा वाटतो. ते मुख्यतः बुद्धीचे काम आहे, आणि तसे ते का आहे हे एका विशिष्ट यंत्राच्या तपशिलात शिरल्यावाचून सांगता येणार नाही.

ते यंत्र म्हणजे विलीज कंपनीची सीजे-३बी ही जीप. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकन सैन्याच्या सेवेत रुजू झालेल्या जीपचीच ही नागरी वंशज. १९५३ साली ती निघाली आणि नव्या इंजिनाची उंची सामावण्यासाठी तिचे बॉनेट वर उचलावे लागल्यामुळे ती दुरूनही ओळखू येऊ लागली. आपल्याकडे तिचा प्रसार झाला तो महिंद्रांमुळे. १९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या आणि १९४८ साली आजचे नाव धारण केलेल्या या संस्थेने परदेशातून सुटे भाग आणवून मुंबईत माझगावला जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. म्हणजे भारतीय जीपचा जन्मच मुळी जोडणीतून झाला आहे. पुढे महसूल, जंगल, पाटबंधारे अशा खात्यांच्या दिमतीला ही गाडी तैनात झाली, आणि जेथे डांबरी रस्ता संपून बैलगाडीची चाकोरी सुरू होई तेथेही मामलेदार आणि ओव्हरसियर तिच्यातून पोचू लागले. या गाडीत वॉर्नर कंपनीची टी-९० नावाची तीन गतींची गिअरपेटी आणि स्पायसर कंपनीची '१८' या क्रमांकाची ट्रान्स्फर केस असे. विलीजच्या चारचाकी ओढीच्या मालवाहू ट्रकांतही हीच जोडी नांदत असल्यामुळे येथे जे सांगितले आहे ते त्या ट्रकांनाही बव्हंशी लागू पडते.

गिअरपेटीचे कार्य सर्वपरिचित आहे: इंजिनाचा वेग कमी करून त्याच्या मोबदल्यात जोर वाढवणे. ट्रान्स्फर केसचे कार्य मात्र अनेक गाडीमालकांनाही नीटसे उमगलेले नसते. गिअरपेटीतून मागे येणारा मेनशाफ्ट या केसमध्ये शिरतो आणि त्याच्या टोकावरील दंतचक्र खालच्या मधल्या चक्राला फिरवते. ते मधले चक्र आणखी खाली, गाडीच्या उजव्या अंगाला असलेल्या आउटपुट शाफ्टला गती देते, आणि तेथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे तर दुसरा पुढच्या चाकांकडे जातो. 'हाय'मध्ये मधले चक्र केवळ मध्यस्थ असते, आलेला वेग ते जसाच्या तसा पुढे सोपवते. 'लो'मध्ये तेच चक्र आपल्या लहान दात्यांनी आउटपुट शाफ्टवरचे मोठे चक्र फिरवते आणि वेग २.४६ पटींनी उतरतो. आता हिशेब पाहावा. टी-९० चा पहिला गिअर २.७९८ पट, लो २.४६ पट आणि चाकांच्या मधला डिफरन्शियल ५.३८ पट, या तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ येतो, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी इंजिन ३७ वेळा फिरते, आणि चिखलात रुतलेली भरलेली गाडी माणसाच्या चालीहून मंद गतीने परंतु अडवता न येणाऱ्या जोराने बाहेर येते. हा सारा जोर ज्या दात्यांवरून जातो ते दाते, त्यांना आधार देणारे बेअरिंग आणि त्यांना जागेवर धरणारे पातळ वायसर हेच आपल्यापुढे घासलेटात धुऊन फडक्यावर मांडलेले असतात.

या मांडलेल्या भागांची पाहणी हा कामाचा पहिला अध्याय होय, आणि त्यात घाई केल्यास पुढचे सर्व श्रम वाया जातात. दात्यांच्या कडा गोल झाल्या आहेत काय, शाफ्टवर बेअरिंगने चरे पाडले आहेत काय, फिरत्या चक्रांचे वेग जुळवणाऱ्या सिंक्रोची पितळी रिंग आपल्या शंकूवर दाबून फिरवली असता पकड घेते की नुसती घसरते, हे पाहून काय ठेवायचे आणि काय बदलायचे याचा निवाडा करावा लागतो. नवा भाग घालणे नेहमीच हिताचे असते असेही नाही. वर्षानुवर्षे एकमेकांशी घासून जुळलेल्या दोन चक्रांपैकी एकच बदलले तर जुने नव्याशी जमवून घेत नाही, आणि निर्दोष भाग घालूनही पेटी गुणगुणत राहते.

मग बांधणीला आरंभ होतो. पेटीच्या तळाशी राहणारा लेशाफ्ट आणि त्यावरचा चक्रसमूह प्रथम हाताळावा लागतो, परंतु तो लगेच आपल्या जागी बसवता येत नाही, हीच या पेटीची पहिली अट. त्याच्या पोकळीत बारीक नीडल रोलर ग्रीसने चिकटवून एकाशेजारी एक लावतात, ते ढळू नयेत म्हणून आत चक्रसमूहाच्याच लांबीचा एक खोटा शाफ्ट सरकवतात, दोन्ही टोकांना वायसर ठेवतात आणि हा सारा समूह पेटीच्या तळाशी नुसता निजवून ठेवतात. कारण तो वर उचललेला असेल तर मेनशाफ्ट आणि इनपुट शाफ्ट यांना जागेवर यायला अवकाशच उरत नाही. ते दोन्ही बसले म्हणजे चक्रसमूह अलगद उचलून त्याचे छिद्र पेटीच्या छिद्राशी जुळवायचे, आणि मागच्या बाजूने खरा शाफ्ट असा ठोकत न्यायचा की तो खोट्या शाफ्टला आपल्यापुढे ढकलीत जाईल, परंतु दोहोंत केसाएवढेही अंतर पडू देणार नाही. अंतर पडले तर त्या फटीत वायसर घसरतो किंवा एखादा नीडल आडवा होतो, आणि पुन्हा सर्व खोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लेशाफ्ट आणि रिव्हर्सच्या चक्राचा शाफ्ट या दोहोंच्या मागच्या टोकांना खाचा असतात. त्या समोरासमोर आणून त्यांत एकच लहानशी लोखंडी पट्टी अडकवायची असते. ती पट्टी या दोन्ही शाफ्टांना फिरूही देत नाही आणि मागे सरकूही देत नाही. तिच्यावर एकही बोल्ट नाही. मागचा ट्रान्स्फर केसचा पृष्ठभाग येऊन भिडला की ती आपोआप कैद होते. इतक्या अल्प साधनात इतका पक्का बंदोबस्त करणाऱ्या त्या अज्ञात रचनाकाराविषयी मला मनापासून आदर वाटतो.

सिंक्रोच्या बाबतीत एवढेच सांगतो, की या पेटीत तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गतीलाच आहे, पहिली आणि रिव्हर्स यांना नाही. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याखेरीज पहिला गिअर घालू नये असे जुने ड्रायव्हर बजावत असत. सिंक्रोच्या आत तीन छोट्या पट्ट्या आणि त्यांना बाहेर दाबणाऱ्या दोन तारेच्या स्प्रिंगा असतात. या स्प्रिंगा दोन बाजूंना परस्परविरुद्ध दिशांनी घालायच्या असतात. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर पट्ट्यांवरचा दाब असमान होतो. पेटीच्या झाकणातही अशीच एक गुप्त तजवीज आहे. गिअर बदलणारे दोन दांडे तेथे समांतर असतात, आणि त्यांच्या मधल्या आडव्या छिद्रात एक आखूड खिळी बसते. एक दांडा सरकला की ती दुसऱ्याच्या खाचेत शिरून त्याला जखडते. ती राहून गेली तरी झाकण बसते आणि गाडी चालतेही, परंतु एखाद्या दिवशी दोन गती एकदम पडतात आणि चालती पेटी जागच्या जागी गोठते.

आता गिअरपेटी आणि ट्रान्स्फर केस यांचा संयोग. माझ्या मते या सर्व कामाचे मर्म येथेच आहे. मेनशाफ्टचे पुढचे टोक इनपुट शाफ्टच्या पोकळीत नीडल रोलरांवर टेकलेले असते, मधला भाग पेटीच्या मागच्या बेअरिंगमध्ये असतो, आणि मागचे टोक ट्रान्स्फर केसच्या आत शिरून तेथील दंतचक्र धारण करते. म्हणजे हा एकच शाफ्ट दोन घरांचा रहिवासी आहे. दोन्ही घरे जोडताना किंवा सोडवताना तो मागे ओढला गेला तर पुढच्या पोकळीतले रोलर पेटीच्या तळाशी सांडतात आणि सिंक्रोचा डोलारा विस्कटतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. या संकटावर कारखान्याच्या दुरुस्तीपुस्तिकेने सांगितलेला उपाय साध्या तारेचा आहे: दुसऱ्या गतीच्या चक्रामागे मेनशाफ्टला तारेचा फास घालायचा, तिची दोन टोके झाकणाच्या पुढच्या दोन बोल्टांना बांधायची, आणि शाफ्ट असा पुढे खेचून धरलेला असतानाच केस हाताळायची. केस जागेवर आली, मागच्या वाटोळ्या झाकणातून दंतचक्र शाफ्टवर चढवले, वायसर आणि नट घट्ट केला, नटाच्या खाचेतून कॉटर पिन घालून तिची टोके वळवली, की मगच ती तार सोडायची. ही पिन विसरणाऱ्याला क्षमा नाही, कारण त्या नटावर पुढे चारही चाकांचा भार येणार असतो.

ट्रान्स्फर केसमध्ये आउटपुट शाफ्ट दोन शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगांमध्ये फिरतो, आणि अशा बेअरिंगांना नेमका प्ले, म्हणजे मोकळीक, द्यावा लागतो. तो ०.००४ ते ०.००८ इंच असावा असा कारखान्याचा दंडक आहे. मागची टोपी आणि केस यांच्या मध्ये पातळ शिम घालून किंवा काढून तो साधायचा. शिम अधिक झाले तर शाफ्ट पुढेमागे हलून दाते झिजवतो. उणे झाले तर बेअरिंग तापून निळे पडते. डायल गेज असेल तर काम निश्चित होते. परंतु शाफ्टला हाताने मागेपुढे करून, हलकेच फिरवून, एक शिम कमी हवा की जास्त हे बिनचूक सांगणारे मिस्त्री जुन्या गॅरेजांत असत, आणि त्यांचे ते बोटांतले ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही याची मला खंत वाटते.

या केसमध्येही दोन दांड्यांच्या मध्ये एक बारीक गोळी आहे, आणि तिचा कायदा सूक्ष्म आहे. पुढच्या चाकांची ओढ चालू केल्याखेरीज ती 'लो' पडू देत नाही, आणि 'लो'मध्ये असेपर्यंत पुढची ओढ बंद करू देत नाही. कारण लोचा वाढलेला सर्व जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर आला तर तो मोडण्याचा संभव असतो. काही हौशी मालक ही गोळी हेतुपुरस्सर काढून टाकतात. प्रवीण ड्रायव्हरच्या हाती त्याने बिघडत नसेलही, परंतु पुढे गाडी कोणाच्या ताब्यात जाईल याची हमी नसताना रचनाकाराने केलेली तरतूद रद्द करणे मला प्रशस्त वाटत नाही.

पेटी गाडीत परत चढवणे हे त्या मानाने बळाचे काम आहे. मात्र दोन गोष्टींचे अवधान हवे. पेटीचे वजन क्लचप्लेटच्या मध्यावर क्षणभरही लोंबू देऊ नये, नाहीतर प्लेट वाकते. आणि या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर असल्यामुळे, केस उतरलेली असताना गाडीला हातब्रेकच उरत नाही, म्हणून चाकांखाली दगड किंवा ठोकळे लावल्यावाचून कोणी खाली शिरू नये.

तेल दोन्ही पेट्यांत स्वतंत्र भरायचे, ९० नंबरचे, आणि ते जीएल-४ प्रतीचे. अधिक भारी म्हणून विकल्या जाणाऱ्या जीएल-५ तेलातील गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये पोलादाला हितकर असली तरी सिंक्रोच्या पितळी रिंगा आणि वायसर यांना बाधतात. चारही चाकांच्या ओढीची पहिली चाचणी मऊ मातीवर घ्यावी, कोरड्या डांबरी रस्त्यावर नव्हे. या केसमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील वेगाचा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल नाही, आणि वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट चालत असल्यामुळे कठीण रस्त्यावर सारी साखळी पिळली जाते व दांडा निघेनासा होतो. तसे झालेच तर बळजबरी न करता गाडी थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो. थोडे अंतर चालवल्यावर हे पहिले तेल काढून परातीत उन्हाला धरावे. पितळेची बारीक चमक दिसली तर नव्या रिंगा आपल्या शंकूशी जुळत आहेत, ते काही दिवस चालायचेच. पोलादाचा कीस दिसला तर शिमांचा आणि दात्यांचा हिशेब पुन्हा तपासावा. आणि तळाशी एखादा अखंड नीडल सापडला, तर पेटी त्याच दिवशी उतरवावी.