एका तलावाला किती विषय लागतात?

पदवीची नवी घडी : लेखांक 6

मागच्या लेखांकात आपण श्रेयांकांचा हिशेब पाहिला. वर्गातल्या अध्यापनाचे 15 तास झाले की एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे 30 तास झाले की एक श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. हा हिशेब समजला तरी प्रवेशाच्या खिडकीपाशी पालकांचा एक प्रश्न उरतोच. ‘पोरगी बॉटनी घेते, मंग तिले इतिहास कायले?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे. आजचा लेखांक त्यासाठी आहे.

आधी नियम काय सांगतो ते पाहू. केंद्राचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 29 जुलै 2020 रोजी मंजूर झाले. महाराष्ट्राने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने पदवीचा आराखडा ठरवला आणि मार्च 2024 मध्ये तो सुधारला. स्वायत्त महाविद्यालयांत तो 2023-24 पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. भंडारा जिल्ह्यातली महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय असो, लाखनीचे समर्थ, तुमसरचे एस. एन. मोर किंवा साकोलीचे एम. बी. पटेल असो, विद्यार्थ्यापुढे येणारी चौकट तीच आहे.

या चौकटीत मेजर, म्हणजे मुख्य विषय, किमान निम्मे श्रेयांक घेतो. त्याच्या जोडीला मायनर असतो. तो आपल्याच शाखेतला घेता येतो, दुसऱ्या शाखेतलाही घेता येतो. तिसरा भाग ओपन इलेक्टिव्हचा. हा विषय मात्र मेजरच्या शाखेबाहेरचाच असावा लागतो. वनस्पतिशास्त्र घेणाऱ्या मुलीसमोर इतिहास किंवा अर्थशास्त्र येते ते इथे. याखेरीज कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आहे.

यादी लांबलचक आहे. ती अर्जावर नुसती भरली तर हाती खिचडीच येईल. आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणजे पुष्कळ विषय घेणे नव्हे. एक प्रश्न घ्यायचा आणि त्याला जितके विषय लागतील तितके त्याच्याभोवती बोलावायचे, याला आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणतात. आपल्या बी.ए.ला पूर्वीपासून तीन विषय होतेच. मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात तीन वर्षे शेजारी राहिले, पण त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणारा तास वेळापत्रकात नव्हता. तो तास आता क्षेत्रीय प्रकल्पाच्या रूपाने उपलब्ध झाला आहे. त्याचे सोने करायचे की कागद, हे महाविद्यालयाच्या आणि विद्यार्थ्याच्या हातात आहे.

तलावापाशी जाऊन पाहू

भंडाऱ्यात प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. तलावांचा जिल्हा अशी आपली ओळख आहे. कुठल्याही गावचा माजी मालगुजारी तलाव घ्या. सरकारी कागदावर आणि लोकांच्या तोंडीही तो ‘मामा तलाव’च असतो. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. वरच्या अंगाला झुडपी जंगल किंवा चराई, मध्ये मातीची पाळ, एका टोकाला सांडवा, पाळीखाली पाणी सोडण्याची मोरी आणि पुढे उतारावर धानाच्या बांध्या, अशी ही रचना. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, पीक हिरवेगार उभे राहिले, आणि धान निसवायच्या वेळी पाऊस दडी मारून बसला, तर त्या आठ-पंधरा दिवसांत तलावाचे पाणी वर्षाची कमाई वाचवते.

आता असे धरू की हा तलाव पूर्वीइतके पाणी धरत नाही. का? पहिले उत्तर तयार असते. गाळ साचला, जेसीबी लावा. राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही आहे आणि गाळ काढणे गरजेचे आहेच. पण गाळ आला कुठून? वरच्या अंगाची झाडी किती उरली, तिथली जमीन कोणी नांगरली, ओढ्याची वाट कुठे अडली, हे भूगोलाचा विद्यार्थी नकाशा घेऊन पाहील. इस्रोच्या ‘भुवन’वरची उपग्रहचित्रे आज कुणालाही मोबाइलवर पाहता येतात.

मग पाण्यात उतरावे लागते. काठ बेशरमने भरलेला असतो. ही वनस्पती बाहेरून आलेली, कुठेही फोफावणारी. तिच्या गर्दीत मूळच्या पाणवनस्पती टिकत नाहीत. पाणवनस्पती गेल्या की माशांचा चारा आणि अंडी घालायची जागा जाते. यंत्राने सरसकट खोल खणले तरी तेच होते, कारण माशांची पैदास आणि वनस्पतींची वाढ काठच्या उथळ पाण्यात होते. म्हणजे सिंचनाच्या दृष्टीने बरोबर असलेले काम मासेमारीच्या दृष्टीने नुकसानीचे ठरू शकते. इथे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र लागते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागातल्या ढिवर समाजाच्या महिलांनी हे करून दाखवले आहे. त्यांनी बेशरम उपटली, तलावाचा काठ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परतले. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन श्रेयांकांसाठी याहून चांगला गुरू कुठे मिळणार?

तलाव कोणाचा, हा पुढचा प्रश्न. इथे इतिहास आणि कायदा येतात. पिढ्यान् पिढ्यांची सांगी अशी की गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे, आणि या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेल्या ग्रंथातही कोहळींची ओळख तलाव बांधणारे म्हणूनच आहे. पुढे 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पाळीची दरवर्षीची डागडुजी गावाच्या अंगवळणी होती. मालकी बदलल्यावर ती जबाबदारी सरकारी खात्यांकडे आणि त्यांच्या निधीकडे गेली. पाळ का खचली, याचे अर्धे उत्तर मातीत सापडते आणि अर्धे या कागदपत्रांत. वनस्पतिशास्त्र घेणाऱ्या मुलीला इतिहास कशाला, याचे उत्तर हे. गावाचे निस्तार पत्रक वाचता आले नाही, तर तलावावर कोणाचा कोणता हक्क आहे हे तिला कधी कळणार नाही.

शेवटी पैशाचा हिशेब. पाणी धान उत्पादकाला हवे, मासे ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थेला हवेत, शिंगाडा लावणाऱ्याला काठ हवा आणि उन्हाळ्यात गुरांना प्यायला पाणी हवे. ऑक्टोबरमध्ये मोरी पूर्ण उघडली तर धान वाचते, पण तलाव आटला की मासे जातात. कोणाला किती, हे ठरवायला अर्थशास्त्र लागते. संस्थेची वही वाचायला वाणिज्य लागते. आणि या सगळ्यांशी बोलायला झाडीबोली लागते. प्रमाण मराठीत छापलेली प्रश्नावली घेऊन पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडून काही निघत नाही.

एकच तलाव, पण तो एका शाखेत मावत नाही.

हे नवे आहे का?

आपल्याकडे तरी नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी 1933 पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांची एकेक करून वजने केली, वापरात झिजून नाणे किती हलके होते याचे गणित मांडले आणि त्यावरून नाण्यांच्या काळाचा क्रम लावला. त्याच वाटेने त्यांचा 1956 चा भारतीय इतिहासावरचा ग्रंथ आला. गणित कच्चे ठेवून ते इतिहासाकडे वळले नव्हते. गणित पक्के होते म्हणूनच इतिहासाला त्यांचा उपयोग झाला. मेजरला निम्मे श्रेयांक का, याचे हे उत्तर आहे. एक विषय खोल यायलाच हवा.

आपल्या पवनीचेही उदाहरण आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. अशा कामात लिपी वाचणारा, मातीचे थर ओळखणारा आणि खापरांची मांडणी करणारा एकाच खड्ड्याच्या काठावर उभे असतात.

आता बाहेरचे पाहू. नेदरलँड्समध्ये 1998 साली उट्रेख्त विद्यापीठाने युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू केले. विज्ञान, समाजशास्त्रे आणि मानव्यविद्या या तिन्ही अंगांचे शिक्षण तिथे एका छताखाली मिळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 2012 मध्ये कला आणि विज्ञान यांची एकत्र पदवी आणली. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र मिडलबर्गचे आहे. झीलंड हा नेदरलँड्सचा समुद्राला लागून असलेला, मोठ्या शहरांपासून दूरचा प्रांत. 1953 च्या महापुरात त्या देशात 1,836 माणसे गेली, त्यात सर्वाधिक झळ या प्रांताला बसली. त्याच प्रांताच्या मिडलबर्ग या छोट्या राजधानीत 2004 साली असे महाविद्यालय निघाले. मिडलबर्ग आपल्या भंडारा शहरापेक्षाही लहान आहे. असे शिक्षण महानगरातच शोभते, हा समज खरा नाही.

त्यांच्याकडे पैसा आहे, वसतिगृहे आहेत, शिक्षक भरपूर आहेत. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर काम चालते. कागदावर ओपन इलेक्टिव्हचे पर्याय दहा आणि वर्गात प्रत्यक्षात दोन, ही तालुक्याच्या ठिकाणची स्थिती आहे. ती मान्य करूनच पुढचे बोलायला हवे.

काय करता येईल?

विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्याआधी एका कागदावर आपल्या परिसरातला एक प्रश्न लिहावा. तो तलावाचाच असावा असे नाही. मोहाडीकडच्या आंधळगावात टसरचे विणकाम आहे, त्यात रेशीमकिड्याचे जीवशास्त्र, रंगाचे रसायन आणि बाजाराचे अर्थशास्त्र एकत्र येते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत, तिथे भूशास्त्राला कामगारांच्या आरोग्याची जोड देता येते. गोसीखुर्दच्या जलाशयाने विस्थापित केलेल्या गावांच्या पुनर्वसनाचा अभ्यास तर कुठल्याही शाखेचा विद्यार्थी करू शकतो. प्रश्न ठरला की मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आपोआप सुचतात. ‘सोपा पेपर आहे’ म्हणून विषय घेतला तर श्रेयांक मिळतील, त्यापलीकडे काही मिळणार नाही.

महाविद्यालयात हवा तो विषय नसेल तर ‘स्वयम्’ या केंद्राच्या मंचावर तो शोधावा. एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली आहे आणि ते श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तुमच्या खात्यात जमा होतात. मात्र अभ्यासक्रम निवडण्याआधी तो आपल्याला मान्य होईल का, हे महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

पालकांसाठी एक गोष्ट. पुढे एम.एस्सी. किंवा बी.एड. करायचे असेल तर मेजर विचारपूर्वक निवडा, कारण पुढच्या दारावर मुख्यतः तोच पाहिला जातो. पण बाकीच्या विषयांना ओझे समजू नका. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे सिंचनावर प्रश्न आला तर फक्त व्याख्या पाठ असलेला मुलगा चार ओळींत संपतो. ज्याने तलावाची पाळ, निस्तार पत्रक आणि सोसायटीची वही पाहिली आहे, त्याच्याकडे सांगायला पुष्कळ असते.

आणि प्राध्यापक मंडळींना विनंती. नवा शिक्षक येईपर्यंत थांबू नका. दोन विभागांनी मिळून एक तलाव निवडावा. वनस्पतिशास्त्राचे आणि इतिहासाचे विद्यार्थी मिसळून गट करावेत आणि प्रकल्पाला गुण दोघा शिक्षकांनी एकत्र बसून द्यावेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर त्याच गावात घ्यावे. पुढच्या वर्षीच्या तुकडीने आधीच्या तुकडीच्या नोंदींपासून सुरुवात करावी. पाच वर्षांत त्या तलावाची अशी नोंदवही तयार होईल, जी आज कुठल्याही सरकारी कचेरीत नाही. मग तिची प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. जिल्ह्याच्या उपयोगी पडणारी पदवी अशा कामातून उभी राहते.

पुढील लेखांक : पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबले तर? प्रमाणपत्र, पदविका आणि परतीचा प्रवेश.