अतिगुरुत्व आणि वैमानिकाची शुद्ध

भारतीय वायुसेनेने १९५७ मध्ये बंगळूर येथे स्थापन केलेल्या वैमानिकी वैद्यक संस्थेच्या संशोधनाचा विषय विमान नसून वैमानिकाच्या देहाची मर्यादा हा होय. विमान तीव्र वळण घेते तेव्हा देहावरील गुरुत्वाचा भार अनेक पटींनी वाढतो. हृदयापासून मेंदूपर्यंत रक्त सुमारे ३० सेंटिमीटर वर चढवावे लागते. त्यासाठी प्रत्येक गुरुत्वपटीस पाऱ्याचा सुमारे २२ मिलिमीटर दाब खर्ची पडतो. पाचपट गुरुत्वास हा खर्च ११० होतो आणि हृदयाचा १२० मिलिमीटरांचा दाब जवळजवळ संपुष्टात येतो. नेत्रगोलाला स्वतःचा अंतर्गत दाब असल्यामुळे तेथील रक्तप्रवाह आधी खंडित होतो. म्हणून प्रथम दृष्टी धूसर होते, मग अंधार पसरतो, शेवटी शुद्ध हरपते. परंतु गुरुत्व एकाएकी वाढल्यास ही पूर्वसूचना मिळतच नाही. यास्तव लांब भुजेच्या टोकाशी बसवून वेगाने फिरविणाऱ्या यंत्रात वैमानिकास पाय व पोटाचे स्नायू वेळीच आवळून रक्तदाब टिकविण्याचे शिक्षण दिले जाते. १९८४ मध्ये अवकाशात गेलेल्या राकेश शर्मा यांची वैद्यकीय परीक्षा येथेच झाली. गगनयानाच्या यात्रिकांची प्राथमिक निवडही २०१९ मध्ये येथेच झाली. यानाचे सामर्थ्य कितीही वाढले, तरी त्याच्या उपयोगाची सीमा अखेर रक्ताचा हा दाबच ठरवितो.