ओरखडा पडला, तरी झोप लागते!

तुमच्या घरी नवी गाडी आहे? मग एक प्रश्न विचारते, मनापासून उत्तर द्या. ती गाडी तुम्ही चालवता, की गाडीच तुम्हांला चालवते?

रागावू नका हं. हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आहे. २०१८ साली आमच्या घरी पहिली नवीकोरी गाडी आली. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आळीभर पेढे वाटले. वाहन परवाना माझ्याकडे २०११ पासूनच होता. "आता तूही चालव," असं ह्यांनीच म्हटलं. तिसऱ्याच आठवड्यात गाडी मागं घेताना फाटकाच्या खांबाला दार घासलं. हातभर ओरखडा आणि वर पोचा. दुरुस्तीचं बिल अकरा हजार रुपये!

खरं सांगते, घरात मला कुणी एका शब्दानंही बोललं नाही. "होतं असं," म्हणून ह्यांनी बिल भरलं. पण त्या दिवसापासून माझा हात किल्लीकडे जाईना. मंडईत जायचं तर गाडी कुठं लावू? गल्लीतल्या पोरांचा चेंडू लागला तर? समोरून एस.टी. आली तर? एवढा विचार करण्यापेक्षा पिशवी घेऊन चालत गेलेलं बरं, असं वाटू लागलं. परवाना कपाटात, गाडी खोळीखाली आणि मी पुन्हा "अहो, तुम्हांला वेळ आहे का?" म्हणणारी.

आपल्यातल्या कितीजणींची हीच गत असेल!

किंमत मोजली ती सासूबाईंनी

ह्यात माझं एकटीचं नुकसान झालं असतं, तर हा लेख मी लिहिलाच नसता. आमच्या सासूबाईंना काचबिंदू आहे. ह्या दुखण्याचा दुष्टपणा असा, की त्यात दुखत-खुपत फारसं काही नाही. नजर मात्र कडेकडेनं जात राहते. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची, त्यासाठी थेंब वेळेवर घालायचे आणि डोळ्यांतला दाब ठरल्या दिवशी तपासून घ्यायचा.

आम्ही राहतो साताऱ्यात, गावाच्या एका टोकाला. रिक्षा फोन करून बोलवावी लागते, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना रिक्षात चढणं म्हणजे शिक्षा. मग व्हायचं काय, की मुलाला सुट्टी मिळेल तेव्हा तपासणी. आणि सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद! "राहू दे गं, पुढच्या महिन्यात जाऊ. माझ्यासाठी कुणाचा दिवस कशाला मोडायचा?" असं म्हणत म्हणत त्यांनी दोन तपासण्या चुकवल्या. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा डाव्या डोळ्याची कडा आणखी अंधारली होती. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आजी, तुम्ही लवकर यायला हवं होतं."

परतताना सासूबाई गप्प होत्या. मीही गप्प होते. परवाना असलेली सून घरात, गाडी दारात, आणि तपासणी चुकली कशानं? तर एका ओरखड्याच्या भीतीनं! त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हातारी घरी आली

२०२१ च्या दिवाळीआधी माझी पोस्टातली आवर्ती ठेव पुरी झाली. त्यातून ५८ हजारांना मी एक जुनी मारुती ८०० घेतली. २००९ सालची. रंग पांढरा म्हणायचा. उजव्या बाजूला आधीच तीन पोचे, मागच्या बंपरला तडा, आणि आतल्या दिव्याची काच गायब.

ह्यांनी एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हिला भंगारात किती येतील?"

सासूबाई मात्र दाराला धरून आत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हातारी आहे, पण हाडं मजबूत दिसतात. माझ्यासारखीच!" तेव्हापासून गाडीचं नाव पडलं 'म्हातारी'.

ह्या गाडीचं घराणं मात्र साधंसुधं नाही बरं का. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिली गेली. तेव्हा तिची किंमत होती पन्नास हजारांच्या आसपास. ७९६ सी.सी.चं, तीन सिलिंडरचं छोटंसं इंजिन. लांबी जेमतेम साडेतीन मीटरच्या आत. २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या आपल्या देशात विकल्या गेल्या होत्या. म्हणूनच आजही तिचे सुटे भाग मिळतात, आणि तिचं बॉनेट उघडून डोकं खाजवत बसणारा मेकॅनिक सहसा भेटत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी तिला मंडईबाहेर लावली आणि परत येऊन पाहते तो एका हातगाडीनं मागचं दार खरवडलेलं. हातगाडीवाला बिचारा उभा होता, चेहरा उतरलेला. मी पाहिलं. आधीच्या तीन पोच्यांत हा चौथा. "असू दे हो," म्हटलं आणि गाडी सुरू केली. घरी आले, वरणभाताचा कुकर लावला, आणि रात्री दहाला पडले ती सकाळीच उठले. मैत्रिणींनो, ह्या झोपेची किंमत कुठल्या शोरूममध्ये लिहिलेली नसते!

भीतीचा हिशेब, पैशांचा हिशेब

तुम्ही म्हणाल, जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती. रोज दुरुस्ती. मलाही तेच वाटलं होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवली. दूधवाल्याची असते तशीच.

पहिल्या वर्षी चार टायर, बॅटरी आणि ब्रेकचं काम मिळून १५,२०० रुपये गेले. पुढच्या वर्षांत क्लच, पट्टे, ऑइल धरून आठ-नऊ हजारांच्या वर खर्च गेला नाही. महिन्याला माझं फिरणं साधारण ३५० किलोमीटर, त्याला २२ लिटर पेट्रोल. विमा कायद्यानं लागतो तेवढा, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मी घेतला नाही. ५८ हजारांच्या गाडीला तो कशाला?

आता नव्या गाडीचं पाहा. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवताना घसाऱ्याचं एक कोष्टक असतं. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. म्हणजे ८ लाखांची गाडी पाच वर्षांत कागदावर ४ लाखांची होते. दारात नुसती उभी राहिली तरी! म्हातारीची घसरण तिच्या आधीच्या मालकांनी सोसलेली आहे. माझ्या हाती ती आली तेव्हा घसरायला फारसं उरलंच नव्हतं.

घ्यायची झालीच तर

भावाला, दिराला बरोबर घ्या, पण नजर स्वतःची ठेवा. भाजी निवडून घेणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहायला जा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी सुरू होण्याची खोड लपवते. सुरू केल्यावर मागून निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळतंय असं समजा. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहा. दुधाळ चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरत असण्याची शंका घ्या आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. पायाखालच्या चटया उचला, हात फिरवा. ओल लागली, पत्रा कुरकुरला, तर गंज आहे. बाहेरचा पोचा चालेल, खालचा गंज नको.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३२२ असेल, तर तो टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी ताजी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

कागदांवरचे इंजिन आणि चॅसिसचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. कर्जाचा बोजा नाही ना, दंडाची चलनं थकली नाहीत ना, हे पाहा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवायचं. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्याचं शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. गाडीचं वय वाढतं तसा हा भार वाढतो, म्हणून किंमत ठरवतानाच त्याची चौकशी करा. माझ्या म्हातारीची १५ वर्षं २०२४ मध्ये भरली. एक दिवस आर.टी.ओ.त गेला, पण तपासणीत पास होऊन आली!

निर्धास्त, पण निष्काळजी नव्हे

आता थोडं कडू बोलते. जुन्या गाडीत हवेच्या पिशव्या नाहीत, ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी नवी यंत्रणा नाही. पत्रा पातळ. म्हणून म्हातारी गावात फिरते. पुणे-बंगळूर हमरस्त्यावर मुलांना घेऊन तिला मी नेत नाही. त्यासाठी नवी गाडी आहे. पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा आमचा नियम सासूबाईंनाही लागू.

पोचा, रंग, फाटलेलं सीट ह्यांवर पैसे घालू नका. पण ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि दिवे ह्या चारांत एक पैशाची काटकसर करू नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नसतात, म्हणून वर्षातून एकदा त्या तपासून घ्याव्यात. पेट्रोलचा वास आला, की गाडी बंद आणि मेकॅनिकला फोन.

बाकी घरगुती कामं आपणच करावी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली, तर तारा सोडवून, हातमोजे घालून, खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं जुन्या ब्रशनं घासायची, पुसून वर व्हॅसलिनचं बोट. रेडिएटरचं पाणी इंजिन थंड असतानाच पाहायचं. गरम झाकण उघडणं म्हणजे प्रेशर कुकरचं झाकण वाफेसकट ओढणं.

आणि हे आपलं काम नाही असं कुणी म्हणालं, तर त्यांना जर्मनीतल्या बेर्टा बेंझची गोष्ट सांगा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, त्यानंच बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह माहेरी निघाली. मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर! वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंधन संपलं तर ते एका औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटारीनं केलेला जगातला हा पहिला लांबचा प्रवास, आणि तो केला एका आईनं.

शेवटी

आता आमच्या घरी गंमत झाली आहे. मंडईत जायचं असलं, पावसाचा चिखल असला, की हेच विचारतात, "अगं, म्हातारीची किल्ली कुठं आहे?" नवी गाडी फाटकातच! मी काही बोलत नाही. नुसती किल्ली पुढं करते.

आणि मध्यंतरी आणखी एक गोष्ट झाली. म्हातारीत हात बसला, तशी मी नवी गाडीही चालवू लागले. फाटकाचा तोच खांब, पण आता हात कापत नाही.

सासूबाईंची मात्र त्यानंतर एकही तपासणी चुकलेली नाही. ठरल्या दिवशी त्या सकाळीच तयार होऊन, पर्स घेऊन ओट्यावर बसतात. "मुलाला सुट्टी आहे का" हा प्रश्न आता घरात निघत नाही. डोळ्यांतला दाब आटोक्यात आहे. गेलेलं गेलं, पण त्यानंतर काही गेलं नाही.

गेल्या खेपेला दवाखान्यातून बाहेर आलो. मी दार उघडणार, तोच सासूबाई थांबल्या. जरा वाकून, डोळे बारीक करून मागच्या दाराकडे बघू लागल्या.

"काय गं, हा नवा ओरखडा कधी पडला? परवा तर नव्हता!"

मी पाहिलं. केसासारखी बारीक रेघ. माझ्यासुद्धा लक्षात आली नव्हती.

"आई, तुम्हांला दिसला?" मी विचारलं.

"न दिसायला काय झालं?" त्या म्हणाल्या आणि पट्टा ओढून बसल्या.

ओरखडा पाहून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता!