देवघरातले सूर कोणाच्या नावावर?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस खारबावच्या आमच्या घरी गणरायांचे आगमन होते, तेव्हा आप्तमंडळी दोन दिशांनी येतात. वसई रोड–दिवा लोहमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्या मधले आमचे स्थानक. कोणी वसईकडून येऊन उतरतो, कोणी दिव्याकडून. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो आणि प्रत्येक मोबाइलमध्ये आरत्यांचा निराळा संग्रह. मखराची सजावट चालू असता पहाटेचे अभंग कोणी लावायचे, यावरून थोडी गोड कुरबुरही होते. पूर्वी ती होत नसे. तो मान आमच्या तीर्थरूपांचा होता आणि त्यावर कोणी हक्क सांगत नसे.

तीर्थरूप गेले. वर्षश्राद्ध होऊन पुढची चतुर्थी आली, तेव्हा आईने त्यांचा मोबाइल कपाटातून काढून आमच्या हाती दिला. "त्यांचीच गाणी लाव," एवढेच ती म्हणाली. मोबाइल उघडला. यादी होती, गायकांची नावे होती, पण बहुतेक नावे फिकट झालेली. बोट लावावे तर एकच उत्तर : वर्गणी संपली आहे. निवृत्तिवेतनातून ते ही वर्गणी भरीत आणि "मी विकत घेऊन ठेवली आहेत, आता घरात कायमची राहतील," असे अभिमानाने सांगत. ती कायमची नव्हती, हे आम्हांस कळावे आणि त्यांस कधीच कळू नये, याचे वाईट वाटले.

सणाच्या पानावर हा विषय का, असे वाचकांस वाटेल. देवघरातील समई, ताम्हन, घंटा ही जशी एका पिढीकडून दुसरीकडे जातात, तसे आता सूरही घरोघरी विकत घेतले जातात. समई आपली असते. सूर आपले असतात की नाही, हे मात्र ते कसे घेतले यावर अवलंबून आहे.

एच.एम.व्ही.ची तबकडी घरात आली की ती घराची होई. शेजाऱ्यास द्यावी, मुलीबरोबर सासरी पाठवावी, कोणी विचारीत नसे. १९८०च्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि अभंग, भारुडे, हरिपाठ खेड्यापाड्यांत पोहोचले. कॅसेटची फीत अडके, मग पेन्सिलीने ती गुंडाळावी लागे; पण वस्तू हातात असे. पुढे संगणकावरची फाईल आली. एम.पी.थ्री पद्धतीने नेहमीच्या प्रतीत साठविलेल्या गाण्यास मिनिटाला साधारण एक मेगाबाइट जागा पुरते. म्हणजे नखाएवढ्या ३२ जीबीच्या कार्डावर पाचशे तासांहून अधिक संगीत मावते. वस्तू नाहीशी झाली आणि घोळ तेथून सुरू झाला.

पैसे देऊन गाणे घेण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार आहेत. एका प्रकारात फाईल खरोखरीच आपल्या हाती येते. तिची नक्कल संगणकावर, पेनड्राइव्हवर, स्पीकरच्या कार्डावर करता येते आणि ती कोठेही वाजते. दुसऱ्या प्रकारात ॲप म्हणते 'डाउनलोड झाले', परंतु उतरलेली फाईल कुलूपबंद असते. किल्ली कंपनीकडे राहते आणि वर्गणी थांबली की कुलूप उघडत नाही. 'डाउनलोड' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतात, येथेच आमच्या तीर्थरूपांसारखे भाबडे ग्राहक फसतात. शिवाय सुटे विकत घेतलेले गाणेही पुष्कळ दुकानांच्या अटींत केवळ त्या व्यक्तीपुरता परवाना असते. खाते दुसऱ्याच्या नावावर होत नाही, पुत्राच्याही नाही.

दुकानेही चिरंजीव नसतात. ॲपलने २००३ मध्ये अमेरिकेत गाण्यांचे दुकान उघडले, तेव्हा प्रत्येक गाण्यास असे कुलूप होते. २००९ मध्ये ते काढण्यात आले आणि डिसेंबर २०१२ मध्ये ते दुकान भारतात आले. त्याच वर्षी आपल्याकडे फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाने कुलूप नसलेली गाणी विकावयास घेतली आणि २०१३ मध्ये ते दुकान मिटले. गूगलची संगीतसेवा २०२० मध्ये बंद झाली, एअरटेलचे 'विंक' २०२४ मध्ये. फाईल आधीच उतरवून ठेवणाऱ्याचे काही बिघडले नाही; ज्याने सारे दुकानाच्या भरवशावर ठेवले, त्यास धावपळ करावी लागली. (गंमत अशी, की मोबाइल आणि स्पीकरांची खोकी ज्या गोदामांतून देशभर जातात, त्यांतली कितीतरी आमच्याच भिवंडी तालुक्यात आहेत.)

कोणी विचारील, तुकोबांचे अभंग कोणाच्या मालकीचे कसे असतील? अभंगाचे शब्द सर्वांचेच आहेत. पण गायकाने गाऊन कंपनीने ध्वनिमुद्रित केलेला तोच अभंग १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्कदाराचा असतो. त्याच कायद्याने खाजगी वापरासाठी वाजवी मोकळीक ठेवली आहे, आणि खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत ध्वनिमुद्रण वाजविणे हा हक्कभंग मानलेला नाही. म्हणजे आपण रीतसर घेतलेली आरती पूजेत लावण्यास संकोच नको. तिच्या नकला काढून गावभर वाटणे मात्र निराळे. कुलूप फोडण्याच्या युक्त्या सांगणारे बरेच भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. कुलूप नसलेलेच गाणे घ्यावे, थोडे महाग पडले तरी.

नक्कल करून ठेवणे हे आपल्या परंपरेस नवे नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर कसे घोटावे, कागद, शाई, लेखणी कशी असावी, पानास समास किती सोडावा, हे समर्थांनी बारकाव्याने सांगितले. कारण ग्रंथ टिकावयाचा तर त्याची प्रत नीट उतरली पाहिजे. मेमरी कार्डास शाई लागत नाही, काळजी मात्र तेवढीच लागते.

त्या चतुर्थीस आम्ही ती काळजी घेतली नाही. घाईघाईने भाच्याच्या संगणकावरून आरत्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि स्पीकरला लावल्या. यंत्राने फाईली अक्षरक्रमाने लावल्या. 'घ' आधी, म्हणून आरंभीच 'घालीन लोटांगण'! मग 'दुर्गे दुर्घट', मध्येच मंत्रपुष्पांजली, त्यानंतर 'युगे अठ्ठावीस', 'लवथवती', आणि ज्याचा उत्सव त्याची 'सुखकर्ता' सर्वांत शेवटी. पोरे हसू लागली, गुरुजी डोळे मिटून उभे राहिले. उपाय सोपा होता : प्रत्येक नावापुढे ०१, ०२ असे आकडे घालावयाचे. काही स्पीकर नावे न पाहता ज्या क्रमाने फाईल भरली त्याच क्रमाने वाजवितात. त्यांच्यासाठी एकेक फाईल क्रमानेच भरावी. जुन्या यंत्रांस देवनागरी नावे वाचता येत नाहीत, तेथेही आकडेच कामास येतात. पेनड्राइव्ह मात्र 'फॅट ३२' पद्धतीचा असावा. पुष्कळ स्पीकर दुसरा ओळखत नाहीत.

घरात जुनी कॅसेट असेल, तर हे काम आधी करावे. बाजारातले गाणे पुन्हा विकत मिळेल, गावच्या भजनी मंडळाने हरिनाम सप्ताहात गायिलेले मिळणार नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर संगणकास जोडावी, ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत आवाज उतरवावा. तासाच्या फितीस तासच लागतो, घाई चालत नाही. फाईल झाल्यावर दोन ठिकाणी ठेवावी आणि त्यांतले एक ठिकाण दुसऱ्या घरी असावे.

आमच्याकडे अशीच एक कॅसेट शोधताना, शिवणाच्या डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेले एक मेमरी कार्ड सापडले. तीर्थरूपांनी वर्गणीच्या ॲपपूर्वी, एका दुकानातून सुटी घेतलेली गाणी त्यावर उतरविली होती. कुलूप नव्हते. सगळी वाजली, आणि प्रत्येकापुढे क्रमांकही होता. क्रम ०१ पासून नीट चालला होता, फक्त ०७ नव्हता. फाईल बिघडली असेल, म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा शोधीत राहिलो. तेवढ्यात आई निरांजनात वाती घालीत म्हणाली, "सहा झाल्या की ते बंद करायचे. सातवी मी म्हणत असे."