पर्लमध्ये कंस म्हणजे कंस नव्हे

मंडळी, पॅटर्न कसा लिहायचा ते आपण मागच्या भागात पाहिलं. आज त्यातला एक खड्डा पाहू.

नवी मुंबईत पत्ता लिहिताना आपण सर्रास ‘नेरूळ (प.)’ असं लिहितो. समजा, पत्त्यांच्या यादीतून आपल्याला नेरूळ पश्चिमेचे लोक वेगळे काढायचेत. हीच अक्षरं जशीच्या तशी पॅटर्नमध्ये टाकली तर काय होईल?

‘नेरूळ (प.)’ असं लिहिलेला एकही पत्ता सापडणार नाही! कारण पर्लच्या लेखी कंस ही गट करायची खूण आहे आणि टिंब म्हणजे ‘इथे कुठलंही एक चिन्ह चालेल’. म्हणजे पर्ल शोधतं ते ‘नेरूळ’, मग मोकळी जागा, मग ‘प’, आणि त्यापुढे काहीही. आपल्या पत्त्यात मोकळ्या जागेनंतर कंस येतो, म्हणून तो सुटतो. उलट कुणी ‘नेरूळ पूर्व’ लिहिलं असेल तर तो पत्ता सापडतो, कारण ‘प’चा दीर्घ उकार टिंबाला चालतो. गंमत म्हणजे प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही. पश्चिमेची पत्रं निमूटपणे पूर्वेला जातात.

उपाय सोपा आहे. खास चिन्हाच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा, म्हणजेच ते एस्केप करायचं:

नेरूळ \(प\.\)

अशी खास चिन्हं एकूण बारा:

\ | ( ) [ { ^ $ * + ? .

पण शोधायचा मजकूर दुसऱ्या कुणीतरी टाइप केला असेल तर? त्याने ‘+91’ टाकलं, तर अधिकच्या आधी काहीच नसल्याने पर्ल एरर देऊन थांबतं. तिथे आपण हाताने किती बॅकस्लॅश देणार? यासाठी पर्लमध्ये क्वोटमेटा हे फंक्शन आहे. पॅटर्नच्या आतच हे काम करायचं तर व्हेरिएबलच्या आधी बॅकस्लॅश आणि कॅपिटल क्यू, नंतर बॅकस्लॅश आणि कॅपिटल ई लिहायचं. मधलं सगळं मग साधी अक्षरं म्हणून वाचलं जातं.

एक पथ्य मात्र पाळू. आपण मुद्दाम वापरलेली खास चिन्हं या जोडीच्या बाहेर ठेवायची, नाहीतर त्यांचाही अर्थ पुसला जाईल.

थोडक्यात, पॅटर्न आपला आणि मजकूर परक्याचा. ही सीमारेषा आखली की पत्र योग्य दारी पोचतं.