जुन्या चौकटीतून घडलेली गिटार

जामनेरच्या रस्त्याने लग्नाची वरात चालली आहे आणि तीत बँजो वाजतो आहे, असे समजा. ताणलेल्या तारांचे ते लहानसे वाद्य, पण त्याचा आवाज ताशालाही मागे टाकतो. एवढ्यात बँजोला जोडलेली वायर निसटली, तर? बोटे तशीच फिरतील, तारा तशाच थरथरतील. पण शेजारच्या माणसालाही सूर जेमतेम ऐकू येतील. मग तो मोठा आवाज तारांचा होता, की विजेचा?

याचे उत्तर बँजोचे मोठे भावंड म्हणता येईल अशा इलेक्ट्रिक गिटारमध्ये शोधू या. त्यासाठी एका मुलाने घरी बनवलेली गिटारच घेऊ.

१९६३ साली लंडनच्या एका उपनगरात राहणाऱ्या १६ वर्षांच्या ब्रायन मे याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानातली गिटार घरच्यांना परवडणारी नव्हती. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. बापलेकांनी गिटार घरीच करायचे ठरवले. त्या कामाला सुमारे २ वर्षे लागली.

थंड देशांत घर उबदार राहावे म्हणून भिंतीत आगटी असते. तशा एका जुन्या आगटीच्या महोगनी चौकटीतून गिटारची दांडी कोरली. लाकडाला किड्यांनी पाडलेली भोके काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड वापरले. पडद्यांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे कामी आली.

गिटारच्या सहा तारांचा एकूण ताण कित्येक किलोग्रॅम वजन टांगावे इतका असतो. सूर क्षणभर खाली-वर करण्यासाठी तारांची एक बाजू हलत्या पट्टीवर बसवतात. पण पट्टी पूर्वीच्या जागी नेमकी परतली नाही, तर गिटार बेसूर होते. ब्रायनने ही पट्टी पोलादाच्या सुरीसारख्या धारेवर तोलली. प्रयोगशाळेतील तराजूची दांडीही अशाच धारेवर टेकलेली असते, कारण तेथे घर्षण फार कमी असते. तारांच्या ओढीला तोलून धरण्यासाठी मोटारसायकलच्या इंजिनातल्या दोन स्प्रिंगा लावल्या.

आता आवाजाकडे वळू. सतारीची तार छेडली, की तिची कंपने घोडीवरून तबलीत आणि भोपळ्यात जातात व तेथून पुष्कळ हवा हलते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम तबलीकडे नसते. तारांखाली ‘पिकअप’ असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती थरथरली, की वेढ्यांतले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तार सेकंदाला ३३० वेळा कंप पावली, तर प्रवाहही तितक्याच वेळा मागेपुढे होतो. ध्वनिवर्धक तो वाढवतो आणि कर्ण्यातून सूर उमटतो. नायलॉनची तार लावली, तर हा पिकअप मुकाच राहील!

ब्रायनने पहिले पिकअपही स्वतःच गुंडाळले होते. परंतु तार बाजूला ओढून वाजवली, की त्यांतून आवाज विचित्र येई. शेजारशेजारच्या चुंबकांची उत्तर व दक्षिण टोके आलटून पालटून वर आलेली होती. त्यामुळे सरकणारी तार एका क्षेत्रातून उलट क्षेत्रात जाई. शेवटी त्याने तीन तयार पिकअप विकत आणले.

तीन कशासाठी? घोडीजवळ तारेचे मूळ कंपन लहान असते, म्हणून तेथे वरचे उपस्वर ठळक होतात व आवाज धारदार येतो. दांडीकडे तो गोल, भरदार येतो. ब्रायनने प्रत्येक पिकअपला दोन बटणे दिली: एक चालू-बंद करण्याचे, दुसरे प्रवाहाची दिशा उलटवण्याचे. दोन प्रवाह एकाच दिशेचे असले, की त्यांची बेरीज होते. एक उलटवला, की दोन्हींतला समान भाग नाहीसा होतो आणि नाकातून आल्यासारखा बारीक आवाज उरतो. या गिटारची ओळख पटते ती अशा निवडींमुळे. ती वाजवण्यासाठी ब्रायनने नखी म्हणून सहा पेन्सचे नाणे वापरले.

१९७० साली ब्रायन ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्यातले गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारोख बलसारा, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेले. घरी केलेली ती गिटार पुढे जगभर गाजली आणि कारखान्यांनी ब्रायन मे यांच्या नावाने तिच्या प्रतिकृती काढल्या. संगीतासाठी अर्धवट सोडलेले सूर्यमालेतील धुळीवरचे संशोधन पूर्ण करून त्यांनी २००७ साली डॉक्टरेटही मिळवली.

आता एक प्रयोग. शाळेतील सोनोमीटरच्या पोलादी तारेखाली, तिला न चिकटेल अशा बेताने, वेढे गुंडाळलेला चुंबक ठेवा. वेढ्यांची टोके बॅटरीवर चालणाऱ्या लहान ध्वनिवर्धकाला जोडा. घरातील विजेच्या जोडणीला मात्र हात लावू नका. तार छेडा आणि चुंबक मध्यापासून टोकाकडे सरकवत न्या. आवाजात काय फरक पडतो? पोलादाऐवजी पितळेची तार लावल्यास काय होते? निरीक्षणे वहीत नोंदवा आणि कारणे शिक्षकांशी चर्चा करून ठरवा.