हात टेकतात तिथे

पोशीर-कळंबकडच्या वाड्यांना डोंगराच्या कुशीत पावसाळा काढायची सवय आहे. म्हणून १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाची दरड ठाकर आदिवासींच्या इर्शाळवाडीवर कोसळली, तेव्हा ते दुःख इकडे परकं नव्हतं. वर गाडीरस्ता नाही, त्यामुळे यंत्रं चढेनात. जवान आणि स्वयंसेवक निसरडी पायवाट चढून गेले आणि भर पावसात फावड्याने चिखल ओढून घमेली एका हातातून दुसऱ्या हातात देत राहिले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ज्याचं माणूस त्या ढिगाऱ्याखाली आहे तो ‘आता देवावरच भरवसा’ म्हणतो, तेव्हा त्याला दैववादी ठरवण्याची घाई आपण करतो. माणूस देवावर हवाला टाकतो आणि हातपाय गाळतो, असा तो आक्षेप. पण तुकोबांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. आणि त्यानंतर त्यांनी काय केलं, तर देहूचं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ उभं करायला घेतलं. त्यांचेच अभंग हे सांगतात. भरवशाने हात गळाले नाहीत, उलट हातांना काम सापडलं.

दुसरा आक्षेप जड आहे: देवाने एकाला वाचवलं, मग शेजारच्या घरातलं लेकरू का नेलं? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्याचं लेकरू गेलं त्याला कुणी उत्तर देऊही नये. वाचलेला ‘देवाने तारलं’ म्हणतो ती कृतज्ञता असते. त्यातून गेलेल्यांचा दोष काढणं हा अन्याय. मात्र ‘देवाची करणी’ हे शब्द कुणाच्या तोंडी शोभतात, हे नीट पाहायला हवं. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं. ती यादी माणसांनी केली होती. जिथे पाहणी करता येत होती, वस्ती वेळेत हलवता येत होती, तिथे ‘देवाची करणी’ म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. तो शब्द फक्त खरोखर हात टेकलेल्या माणसाचा. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ सिडकोने पक्की घरं बांधली, म्हणजे डोंगराखालून माणसं हलवणं जमत होतं. ढिगाऱ्यातला शोध मात्र २३ जुलैलाच थांबला होता. ते ५७ जण अजून त्या उतारातच आहेत, आणि त्यांच्यासाठी घरच्यांच्या हाती आता हात जोडण्यावाचून काही उरलेलं नाही.